आंत्रजीवाणू आणि आतड्याचा क्षोभ : एका उपपत्तीची चिकित्सा

ठाण्यातील खोपट येथील एस. टी. स्थानकावर गाडी लागलेली असताना, वाटेत शौचाची सोय कोठे होईल ह्या विवंचनेने ज्याचा पाय पायरीवरच अडखळतो, असा प्रवासी विरळा नाही. तपासणीत त्याच्या आतड्यास व्रण किंवा सूज आढळत नाही. तरी त्याची पोटदुखी आणि शौचाची अनियमितता खरीच असते. ह्या विकारास वैद्यक 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' म्हणते. २०१६ च्या रोम निकषांनुसार त्याचे निदान लक्षणांवरूनच होते. असे असता, त्याचे मूळ आतड्यांतील जीवाणूंच्या बिघाडात आहे, असे आता ठामपणे सांगण्यात येते. ही उपपत्ती कितपत टिकते, हे पाहणे अगत्याचे आहे.

तिची बलस्थाने प्रथम मान्य केली पाहिजेत. जंतुजन्य अतिसारातून उठलेल्यांपैकी सुमारे दहांत एकास पुढे हा विकार जडतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत, बद्धकोष्ठ नसलेल्या रुग्णांना आतड्यातच राहणारे रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक दोन आठवडे दिले असता सुमारे ४१ टक्क्यांना पुरेसा आराम पडला. परंतु औषधाचा केवळ आभास देणाऱ्या गोळीनेही सुमारे ३२ टक्क्यांना तो पडला. म्हणजे खऱ्या औषधाच्या पदरी श्रेय पडते ते नऊ टक्क्यांच्या अंतराचेच.

खरी कसोटी निरोगी व्यक्तीचे मल-जीवाणू रुग्णाच्या आतड्यात रुजविण्याच्या प्रयोगांत लागली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील चाचणीत रुग्णांचे जीवाणू पालटले; तथापि बरे वाटले ते आभासी औषध घेणाऱ्यांनाच अधिक. उलट नॉर्वेमधील २०२० च्या चाचणीत एकाच निवडक दात्याचे जीवाणू दिले असता, मोठ्या मात्रेने ८९ टक्के रुग्णांना गुण आला. आभासी उपचाराने तो सुमारे २४ टक्क्यांनाच आला. जीवाणू पालटूनही व्याधी हटत नसेल, तर 'बिघाड' हेच कारण असे कसे म्हणावे? अतिसाराने अन्नाचा आतड्यातील प्रवास शीघ्र होतो, आणि त्यानेही जीवाणूंची घडण बदलते. येथे कार्यालाच कारण समजण्याचा धोका उघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. बिघाड म्हणावयाचा तर सुस्थिती कोणाची गृहीत धरावयाची? धान्य-डाळींवर पोसलेल्या भारतीय आतड्यांत प्रीव्होटेला हा जीवाणू पुष्कळदा प्रबळ असतो; पाश्चात्त्य आतड्यांत बॅक्टेरॉइडीजचे प्राबल्य आढळते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अखिल भारतीय पाहणीत १४ ठिकाणच्या १,००४ व्यक्तींचे आंत्रजीवाणू तपासले गेले. अशा नोंदी वाढल्याखेरीज, परक्या मापाने खोपटच्या रुग्णाचे आतडे रोगी ठरविणे न्याय्य होणार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मेचनिकॉफने आंबट दुधातील जीवाणूंत दीर्घायुष्य शोधले. त्या आशेचे आजचे रूप म्हणजे 'उपकारक जीवाणूं'च्या कुप्या. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने मात्र २०२० मध्ये, ह्या विकारात त्या केवळ शास्त्रीय चाचणीपुरत्याच वापराव्यात, असे सुचविले. जीवाणू ह्या व्याधीत सहभागी आहेत, एवढे सिद्ध दिसते. तेच सूत्रधार आहेत, हे सिद्ध नाही. दोहोंतील अंतर झाकले गेले, तर त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते : प्रथम पैशाने, आणि गुण न आल्यावर 'दुखणे मनाचेच' ह्या शेऱ्याने.