‘आज्ञा’ कीं ‘स्वधर्म’?

बायबलांतील ‘दहा आज्ञा’ हा प्रयोग मराठींत रूढ आहे. मूळ हिब्रूंत मात्र त्यांना ‘दहा वचनें’ म्हटलें आहे. आज्ञा पाळावयाची असते, वचन आधीं समजून घ्यावें लागतें. (‘मित्स्वा’ या दुसऱ्या हिब्रू शब्दास मात्र ‘आज्ञा’च शोभते.)

धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं दिलेलीं व साने गुरुजींनीं टिपून घेतलेलीं गीताप्रवचनें या दृष्टीनें पुन्हा वाचण्याजोगीं आहेत. सरकारचा हुकूम मोडून आलेल्या सत्याग्रह्यांपुढें ईश्वरी हुकमाची भाषा कितपत रुचली असती? विनोबा ‘स्वधर्म’ हाच शब्द धरून ठेवतात आणि तो आईसारखा जन्माबरोबरच लाभतो, शोधावा लागत नाहीं, असें सांगतात. दृष्टांत मोठा गोड आहे. पण ज्यांच्या वांट्यास जन्मानें केवळ अवहेलनाच आली, त्यांनीं ही आई कशी ओळखावी? हुकूम निदान मोडतां तरी येतो. जन्मानें आलेलें कर्तव्य त्याहून कठोर ठरूं शकतें. विनोबांच्या दृष्टांतांत या शंकेस जागा नाहीं. गीतेंत मात्र ती आहे: अठराव्या अध्यायांत सारें सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसें करावयास सांगतो. या श्लोकाला ‘आज्ञा’ म्हणावें तरी कसें?