घशापासून मेंदूपर्यंत : काही संशोधनांची उलटतपासणी

हृदयविकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशीतला, पोट सुटलेला, तेलकट खाणारा आणि चालायचा कंटाळा करणारा शहरी माणूस उभा राहतो. वर्तमानपत्रांतले लेख त्याच्यासाठी असतात. शाळेतले आरोग्याचे धडेही बहुधा त्यालाच उद्देशून लिहिलेले असतात. उमरखेडसारख्या तालुक्यात, पैनगंगेच्या काठच्या गावांत कापूस वेचणाऱ्या किंवा हळद काढणाऱ्या घरातली तिशीची बाई धाप लागते म्हणून बसून राहते आणि एके दिवशी तिला लकवा मारतो. तिचा आजार या चित्रात कुठेच बसत नाही. त्या आजाराची सुरुवात बहुधा ती सहावी-सातवीत असताना, दुखऱ्या घशापासून झालेली असते.

घसा, हृदय आणि मेंदू यांना जोडणाऱ्या या साखळीवर गेल्या शंभर वर्षांत भरपूर संशोधन झाले आहे. त्यातले काही उत्तम आहे. काहींवरून मात्र जे निष्कर्ष काढले जातात ते पुराव्याच्या पुढे धावतात. या लेखात आपण ही साखळी एकेका कडीने तपासून पाहू.

साखळी कशी आहे?

स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूंच्या एका गटामुळे घसा सुजतो. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत हे जास्त आढळते. बहुतेक मुले आठवड्याभरात बरी होतात. थोड्या मुलांत मात्र दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे दुखू लागतात. आज गुडघा तर उद्या घोटा, असे दुखणे फिरत राहते. डॉक्टर याला ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात. जिवाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते आणि त्यात हृदयही सापडते. सांध्यांची सूज मागे काही न ठेवता ओसरते, हृदयाची मात्र तशी ओसरत नाही.

डाव्या कर्णिकेतून डाव्या जवनिकेत रक्त सोडणारी झडप हळूहळू जाड होते, तिच्या पाकळ्या चिकटतात आणि वाट अरुंद होते. मागे साचलेल्या रक्तामुळे कर्णिका फुगते. फुगलेल्या कर्णिकेचे ठोके बेताल होतात, ती आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरते. साचलेले रक्त गोठते. त्या गुठळीचा तुकडा सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकला की पक्षाघात होतो. पाठ्यपुस्तकातली हृदयाची आकृती फळ्यावर काढून हा सगळा मार्ग दहावीच्या वर्गाला एका तासात दाखवता येतो.

पाश्चात्त्य देशांत झडप अरुंद व्हायला बहुधा दोन-तीन दशके लागत. आपल्याकडे मात्र हा प्रकार विशीच्या आत, शाळकरी वयातही दिसतो, असे दिल्लीच्या डॉ. सुजय रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली दाखवून दिले. परदेशी पुस्तकातले वेळापत्रक आपल्या मुलांना लागू पडत नाही, हा त्यातला मोठा धडा होता.

पहिली शंका : दोष स्नायूचा की झडपेचा?

लुडविग अशॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली अशा रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूत पेशींचे विशिष्ट पुंजके पाहिले. त्यामुळे हृदयाच्या स्नायूची सूज हेच या आजाराचे मर्म आहे, अशी समजूत रूढ झाली. मूल दगावते ते स्नायू सुजून थकल्यामुळे, असे पुस्तकांत लिहिले गेले. मग सूज कमी करणारी औषधे दिली की काम झाले, असे वाटणे ओघानेच आले. १९५५ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडातल्या एकत्रित चाचणीत मुलांचे तीन गट करून एका गटाला कॉर्टिसोन, दुसऱ्याला एसीटीएच आणि तिसऱ्याला साधे ॲस्पिरिन दिले गेले. पुढे हृदयात राहिलेला दोष तिन्ही गटांत सारखाच होता.

नंतरच्या काळात आणखी पुरावे आले. विषाणूमुळे हृदयाचा स्नायू सुजतो तेव्हा स्नायुपेशी फुटून ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. ऱ्हुमॅटिक तापात ते सहसा वाढलेले आढळत नाही. ऐन आजारात गळकी झडप शस्त्रक्रियेने बदलली तर थकलेले हृदय सावरते, असेही दिसले. म्हणजे सूज तिन्ही थरांत असली तरी घात करते ती झडप.

हा भेद केवळ तज्ज्ञांच्या वादापुरता नाही. विषाणूजन्य हृत्स्नायुदाहातही पक्षाघात होऊ शकतो, पण तिथे स्नायू दुबळा होऊन जवनिकेत रक्त साचते आणि गुठळी तिथे बनते. दक्षिण अमेरिकेतल्या चागास रोगात परजीवीमुळे तसेच होते. शेवट एक असला तरी वाटा वेगळ्या आहेत आणि प्रतिबंधही वेगळा आहे. ‘हृदयाच्या सुजेमुळे पक्षाघात’ असे एका वाक्यात सांगणारा लेख ही वाट पुसून टाकतो. वाट पुसली की ती कुठे अडवायची हेही कळेनासे होते.

दुसरी शंका : सतरा पट हा आकडा कुठून आला?

ठोके बेताल असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका पाचपट आणि सोबत ऱ्हुमॅटिक झडपदोष असेल तर सतरा पट, हे वाक्य वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. त्याचा उगम अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावच्या अभ्यासात आहे. तिथल्या ५,१८४ स्त्री-पुरुषांच्या २४ वर्षांच्या निरीक्षणावरून १९७८ साली तो प्रसिद्ध झाला. अभ्यास काटेकोर होता यात शंका नाही. पण त्या गावात ऱ्हुमॅटिक झडपदोष आणि बेताल ठोके दोन्ही असलेली माणसे अगदी थोडी होती. थोड्या माणसांवरून काढलेले गुणोत्तर दोन-चार घटना इकडेतिकडे झाल्या तरी बरेच हलते. सतरा हा आकडा दिशा बरोबर दाखवतो. तो मोजपट्टीवरचे माप म्हणून वापरणे चूक आहे.

मग आपल्याकडचे माप कुठे आहे? विदर्भातला एक फार मोलाचा अभ्यास गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचा आहे. डॉ. योगेश कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या सुमारे ९४ हजार लोकसंख्येत २०११ ते २०१३ या दोन वर्षांत झालेल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी केली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते. मृत्यूच्या कारणांत तो पहिल्या क्रमांकावर होता. यांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक माणसे घरीच वारली. पक्षाघात हा सुखवस्तू शहरी माणसाचा आजार आहे, हा समज या एका अभ्यासाने मोडला.

मात्र त्याच्या पद्धतीची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. मृत्यूनंतर घरच्या लोकांना पद्धतशीर प्रश्न विचारून कारण ठरवले होते. एक बाजू लुळी पडली, वाचा गेली, हे घरचे नेमके सांगतात. पण गुठळी हृदयातून आली, की मेंदूतली रक्तवाहिनी उच्च रक्तदाबाने फुटली, हे सांगणे त्यांना शक्य नसते. त्यासाठी मेंदूचे आणि हृदयाचे चित्रण लागते, आणि घरी मरण पावलेल्याचे ते झालेले नसते. त्यामुळे ‘ग्रामीण पक्षाघात म्हणजे रक्तदाब’ असा सरसकट निष्कर्ष या अभ्यासावर लादता येत नाही, आणि उलटा निष्कर्षही लादता येत नाही.

तिसरी शंका : चाचणीतून वगळलेले कोण?

रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमेरॉल या जुन्या गोळ्या दिल्या जातात. त्यांची मात्रा जपावी लागते. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. जेवणातल्या पालेभाज्यांमुळेही तिचा परिणाम बदलतो. म्हणून रक्ताची तपासणी पुनःपुन्हा करावी लागते. नव्या गोळ्यांना ती लागत नाही. २००९ आणि २०११ साली त्यांच्या तीन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत मिळून पन्नास हजारांहून अधिक रुग्ण होते आणि नव्या गोळ्या जुनीच्या तोडीस तोड किंवा सरस ठरल्या. पण झडप बरीच अरुंद झालेल्या रुग्णांना या चाचण्यांत घेतलेलेच नव्हते. ज्यांच्या घरापासून तपासणीची प्रयोगशाळा सर्वांत लांब, त्यांच्यावरच चाचणी झाली नाही. तरीही ‘इतरांना चालते तर यांनाही चालेल’ असे अनेकांनी गृहीत धरले.

हे गृहीतक तपासणारी ‘इन्व्हिक्टस’ ही चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. दिल्लीच्या एम्समधले डॉ. गणेशन कार्तिकेयन हे तिच्या प्रमुख संशोधकांपैकी एक. आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेतले ४,५३१ रुग्ण, सरासरी वय ५०.५ वर्षे, त्यांत ७२ टक्के स्त्रिया. निम्म्यांना नवी गोळी रिव्हारोक्साबान, निम्म्यांना जुनी. नव्या गोळीच्या गटात ५६० जणांना पक्षाघात, मृत्यू अशा ठरवलेल्या घटनांपैकी एखादी झाली, जुन्या गोळीच्या गटात ४४६ जणांना. मृत्यू अनुक्रमे ५५२ आणि ४४२. मोठ्या रक्तस्रावात लक्षणीय फरक नव्हता. सोयीची गोळी हरली.

निकाल स्पष्ट असला तरी कारण स्पष्ट नाही. फरकाचा मोठा भाग मृत्यूंचा आहे, पक्षाघातांमधला फरक त्या मानाने लहान आहे. मग जुन्या गोळीने माणसे वाचवली ती नेमकी कशी? दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. नवी गोळी कायमची सोडून देणाऱ्यांचे प्रमाण जास्त होते. आणि जुन्या गोळीच्या रुग्णांना रक्ततपासणीसाठी वारंवार यावे लागत होते. चाचणीच्या सुरुवातीला त्यांच्यापैकी सुमारे एकतृतीयांश जणांचेच रक्त योग्य मर्यादेत होते. पुढे हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. दर भेटीत कोणीतरी धाप, सूज, नाडी पाहत असणार. त्या भेटींचा वाटा किती, हे या चाचणीच्या रचनेतून वेगळे काढता येत नाही. माझ्या मते ही तिची खरी उणीव आहे, आणि तिच्यावर पुरेशी चर्चा होत नाही.

उमरखेडच्या दृष्टीने हाच प्रश्न कळीचा आहे. गोळी स्वस्त आहे, ती कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. पण तपासणीसाठी नांदेड किंवा यवतमाळ गाठायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे. चाचणीने जिंकून दिले ते गोळी आणि तपासणी या जोडीला. त्यातली तपासणी वगळून नुसती गोळी दिली तर चाचणीतला निकाल मिळेल, असे कोणीही समजू नये. (गोळी घेणाऱ्या कोणीही हा लेख वाचून ती परस्पर बदलू वा बंद करू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे.)

चौथी शंका : शाळेत शोधलेले किती खरे?

डॉक्टर छातीला नळी लावून जितकी मुले शोधतात त्याच्या कितीतरी पट मुले ध्वनिलहरींच्या चित्रणात, म्हणजे इकोत, सापडतात. हरियाणातल्या बल्लभगड भागात डॉ. अनिता सक्सेना आणि सहकाऱ्यांनी ६,२७० मुले तपासली (२०११). नळीने हजारी ०.८, इकोने हजारी २०.४. पंचवीस पट! असे आकडे वाचले की प्रत्येक शाळेत इको शिबिर घ्यावे असे वाटते.

पण सापडलेल्या मुलांचे पुढे काय? युगांडातल्या एका चाचणीने (२०२२ साली प्रसिद्ध) याचे उत्तर शोधले. इकोतच दिसणारा सौम्य दोष असलेल्या मुलांपैकी ३९९ जणांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले, ४०० जणांना दिले नाही. दोन वर्षांनी दोष वाढलेली मुले पहिल्या गटात ३, दुसऱ्यात ३३. फरक मोठा आहे. आता वर्गात हे गणित घालून पाहा. दर शंभरी सुमारे साडेसात मुलांचा दोष वाढणे टळले, म्हणजे एका मुलासाठी १३ ते १४ मुलांना दोन वर्षे इंजेक्शने. दोन वर्षांत २६ प्रमाणे ती साडेतीनशेच्या आसपास होतात. आणि इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी जवळजवळ ९२ टक्के मुलांचा दोष त्या काळात वाढलाच नाही. शिवाय मोजले ते इकोतले चित्र. पुढचा पक्षाघात मोजायला वीस वर्षे थांबावे लागेल. इंजेक्शने चुकू न देण्याची व्यवस्था नसेल तर शिबिर हे केवळ भीती वाटण्याचे काम करील.

मग शिक्षकांनी काय करावे?

या साखळीतली सर्वांत स्वस्त कडी पहिली आहे, आणि ती शाळेच्या हातात आहे. ताप व घसादुखी असलेल्या मुलाला डॉक्टरांकडे धाडावे. स्ट्रेप्टोकॉकसचा घसा पहिल्या नऊ दिवसांत पेनिसिलिनने बरा केला तर ऱ्हुमॅटिक ताप टाळता येतो. सांधे आळीपाळीने दुखत असतील तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये. आणखी एक खूण शिक्षकालाच आधी दिसते. चांगले अक्षर असलेल्या मुलीचे, कधी मुलाचे, अक्षर अचानक बिघडते, हातातून पेन पडते, तोंड वेडेवाकडे होते, ती स्वस्थ बसू शकत नाही. वर्गात याबद्दल छडी मिळते. वास्तविक हाही याच आजाराचा एक अवतार असू शकतो आणि तो घसादुखीनंतर काही महिन्यांनीही प्रकटतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला झाली. त्याच्या पथकाने तपासायच्या आजारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयरोग आहे. पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्या दिवशी संशय असलेल्या मुलांची नावे शिक्षकाने आधीच लिहून ठेवली, तर पथकाच्या काही मिनिटांना अर्थ येईल. ज्या मुलाला इंजेक्शने सुरू आहेत त्याची तारीख वर्गातल्या दिनदर्शिकेवर लावली, तर ती चुकणार नाही.

आणि वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय बातमी वाचताना तीन प्रश्न विचारायला शिकवावे. अभ्यासात कोणाला घेतले नव्हते? प्रत्यक्षात मोजले काय? औषधाबरोबर आणखी काय बदलले होते? फ्रॅमिंगहॅमपासून युगांडापर्यंतच्या या सर्व अभ्यासांना हे प्रश्न लावून पाहिले, तर प्रत्येकाचे मोलही कळते आणि त्याची हद्दही.