पदवी घरबसल्या, उड्डाण शेजारच्या धावपट्टीवर

बारावीचे निकाल लागले की विद्यार्थी शिक्षकांकडे सल्ल्यासाठी येतात. त्यांच्या प्रश्नांत अलीकडे एका प्रश्नाची भर पडली आहे. ‘मला वैमानिक व्हायचे आहे. अमेरिकेतील विद्यापीठाची विमानविद्येची पदवी घरी बसून ऑनलाइन घेता येते आणि विमान चालवायला जवळच्याच उड्डाणशाळेत शिकता येते, असे वाचले. हे करावे का?’ विचारणाऱ्याच्या हातात माहितीपत्रक असते आणि घरात कर्जाची चर्चा चाललेली असते. तेव्हा उत्तर नीट विचार करूनच द्यायला हवे. ही व्यवस्था मूळची अमेरिकेतील आहे. म्हणून आधी ती तिथेच तपासू आणि मग आपल्या विद्यार्थ्याकडे वळू.

पहिली गोष्ट ही की, पदवी आणि परवाना या दोन वेगळ्या वस्तू आहेत. परवाना देते अमेरिकेची संघीय विमान वाहतूक संस्था, म्हणजे एफएए. तिला पदवी लागत नाही. तिला लागतात परीक्षा, वैद्यकीय दाखला आणि उड्डाणाचे तास. नियमांच्या ‘भाग ६१’प्रमाणे शिकणाऱ्याला व्यावसायिक परवान्यासाठी किमान २५० तास लागतात. या मार्गात प्रशिक्षक आणि विद्यार्थी आपल्या सोयीने पुढे जातात. ‘भाग १४१’खालील शाळांचा अभ्यासक्रम मात्र एफएएने पाहून मंजूर केलेला असतो. तिथे हेच शिक्षण किमान १९० तासांत पुरे होऊ शकते. गावोगावच्या अनेक लहान शाळा पहिल्या प्रकारच्या असतात. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

मोठ्या विमान कंपन्या पूर्वी पदवीचा आग्रह धरीत. तो आता सैल झाला आहे. डेल्टा कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीची सक्ती काढून टाकली आणि पदवी असल्यास बरे, एवढेच ठेवले. मग पदवी घ्यायची कशासाठी? याचे उत्तर शोधताना एका अपघाताकडे जावे लागते.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअर कंपनीचे ३४०७ क्रमांकाचे उड्डाण नेवार्कहून बफेलोला निघाले होते. उतरण्याच्या तयारीत असताना विमानाचा वेग फार कमी झाला. स्टॉल जवळ आल्याची सूचना म्हणून वैमानिकाच्या हातातील नियंत्रण-दांडा आपोआप थरथरू लागला. अशा वेळी दांडा पुढे करून विमानाचे नाक खाली न्यायचे असते. कॅप्टनने तो मागे ओढला. विमान एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील एक अशी ५० माणसे दगावली. चौकशीत कॅप्टनची ही चुकीची प्रतिक्रिया हेच अपघाताचे संभाव्य कारण ठरले.

दांडा मागे ओढणे चूक का, हे आपण वर्गात समजावून देऊ शकतो. पंख विमानाला उचलून धरतो तो समोरून येणाऱ्या हवेशी विशिष्ट कोन करून. हा कोन वाढवीत नेला की उचलणारे बल वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. नेहमीच्या लहान विमानांत ही मर्यादा साधारण १५ अंशांच्या आसपास असते. तिच्या पलीकडे हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून वाहत नाही, सुटते, आणि उचल एकदम घटते. यालाच स्टॉल म्हणतात. दांडा मागे ओढणे म्हणजे हा कोन आणखी वाढवणे. पण विमान खाली जाऊ लागले की माणसाच्या हाताला ओढावेसेच वाटते. या स्वाभाविक ओढीवर ताबा मिळवणे हे वैमानिकाच्या शिक्षणातील एक मोठे काम आहे.

अपघातानंतर मोठी चर्चा झाली. २०१० मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा केला आणि जुलै २०१३ मध्ये त्याचा नियम आला. पूर्वी सहवैमानिक म्हणून विमान कंपनीत बसायला व्यावसायिक परवाना पुरे होई. आता त्यालाही कॅप्टनसारखाच वरच्या दर्जाचा परवाना, म्हणजे सामान्यतः १५०० तासांचा अनुभव, आवश्यक झाला. यातली विसंगती वाचकांच्या लक्षात यावी म्हणून सांगतो. कोल्गनच्या त्या विमानातील दोघांनाही १५०० तासांहून बराच अधिक अनुभव होता. तासांची उणीव हे काही त्या रात्रीचे कारण नव्हते.

याच नियमात पदवीचे मोल आकड्यात बांधलेले आहे. विमानविद्येचे किमान ६० श्रेयांक घेऊन पदवी मिळवणाऱ्याला १५०० ऐवजी १००० तासांवर मर्यादित परवाना मिळू शकतो. ३० श्रेयांक असतील तर १२५० तास लागतात. मर्यादित परवान्यावर सहवैमानिक होता येते, कॅप्टन होता येत नाही. श्रेयांक म्हणजे सत्रभर आठवड्याला एक तास. सत्र १५ आठवड्यांचे धरले तर ६० श्रेयांक म्हणजे ९०० तासांचा वर्ग. थोडक्यात, ९०० तास वर्गात बसा आणि ५०० तासांचे उड्डाण वाचवा, असा हा सौदा आहे. महिन्याला ६० तास उड्डाण मिळते असे धरले तर आठ महिन्यांहून अधिक काळ वाचतो. विमान कंपनीत पगार, मार्ग, सुट्टी हे सारे बव्हंशी सेवाज्येष्ठतेवर ठरते. तेव्हा आठ महिने लवकर लागणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. माहितीपत्रकांत या लाभाला ठळक जागा मिळते, ती त्यामुळेच.

पण या सवलतीला एक अट आहे, आणि आमच्या मते ती फार शहाणपणाची आहे. व्यावसायिक परवाना आणि उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता, या दोन्हींचे जमिनीवरील शिक्षण त्या विद्यापीठाच्याच मंजूर अभ्यासक्रमात झालेले असले पाहिजे. प्रत्यक्ष उड्डाणाचे शिक्षणही विद्यापीठात किंवा त्याच्याशी रीतसर करार असलेल्या ‘भाग १४१’ शाळेत झाले पाहिजे. एका हातात पदवी आणि दुसऱ्या हातात शेजारच्या क्लबचा परवाना असून भागत नाही. नियम दोन्हींमधला सांधा पाहतो.

ऑनलाइन पदवी आणि स्थानिक उड्डाण यांच्या जोडणीचे दोन नमुने दिसतात, ते या अटीच्या उजेडात तपासावेत. पहिल्या नमुन्यात विद्यार्थी परवाना कोठेही मिळवतो आणि विद्यापीठ त्या परवान्याबद्दल काही श्रेयांक देते. एम्ब्री-रिडल विद्यापीठाच्या दूरशिक्षण शाखेत आधीच्या परवान्यांना असे श्रेयांक देण्याची पद्धत आहे. नोकरी करणाऱ्या, आधीच उडणाऱ्या माणसाला ही मोठी सोय आहे. पण परवाना स्वतंत्रपणे, कराराबाहेरच्या शाळेत घेतलेला असेल, तर ५०० तासांची सवलत मागाहून घेतलेल्या पदवीने मिळत नाही. दुसऱ्या नमुन्यात विद्यापीठ ठिकठिकाणच्या उड्डाणशाळांशी करार करते आणि पुस्तकी भाग ऑनलाइन शिकवते. लिबर्टी विद्यापीठाने ही पद्धत अंगीकारली आहे. येथे सवलतीचा मार्ग खुला असू शकतो. मात्र आपल्या जवळची शाळा करारात आहे का, आणि करार शिक्षण संपेपर्यंत टिकेल का, हे प्रश्न उरतातच.

आता शिक्षणाच्या बाजूने पाहू. या व्यवस्थेचा एक गुण आम्हाला खरोखर मोलाचा वाटतो. स्थानिक उड्डाण हे नावाप्रमाणे स्थानिक असते. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर समुद्रसपाटीजवळ शिकणाऱ्याला उंचावरच्या विमानतळाचा अनुभव येत नाही. डेन्व्हरजवळचा सेंटेनिअल विमानतळ समुद्रसपाटीपासून ५,८८५ फुटांवर आहे. त्या उंचीवर प्रमाण तापमान सुमारे ३ अंश सेल्सिअस असते. उन्हाळ्यात तिथे ३० अंश तापमान असले, तर फरक २७ अंशांचा होतो. दर अंशाला सुमारे १२० फूट या ठोकताळ्याने हवा ९,१०० फुटांवर असावी तितकी विरळ वागते. एंजिनाची ताकद घटते, धाव लांबते, चढण मंदावते. समुद्रकाठच्या विद्यार्थ्याला हे आधी कळते ते पुस्तकातूनच. चांगला अभ्यासक्रम त्याला स्वतःच्या धावपट्टीपलीकडचे आकाश दाखवतो. शिवाय तो घरी राहतो, कमावतो आणि वसतिगृहाचा खर्च वाचवतो.

दोष आहे तो सांध्यात. एक उदाहरण घेऊ. सरळ उडताना एखादे विमान ५० नॉटला स्टॉल होत असेल, तर उंची कायम राखून वळताना तो वेग वाढतो. विमान ३० अंशांनी कललेले असेल तर तो ५४ नॉट होतो, ४५ अंशांना सुमारे ५९ आणि ६० अंशांना ७१ नॉट. सूत्र सोपे आहे. कलण्याच्या कोनाच्या कोज्येने एकाला भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. हे गणित पडद्यावर सोडवून विद्यार्थी पूर्ण गुण मिळवील. पण धावपट्टीकडे वळताना वळण चुकले आणि त्याने विमान आणखी कलवले, तर त्या क्षणी त्याला हे गणित आठवेल का? ते आठवावे म्हणून आदल्या दिवशीचे उदाहरण आणि दुसऱ्या दिवशीचे उड्डाण कोणीतरी जोडून द्यावे लागते. निवासी विद्यापीठात वर्गातला शिक्षक आणि उड्डाण-प्रशिक्षक एकाच आवारात असतात. तिथेही ही जोडणी आपोआप होते असे नाही, पण निदान होऊ शकते. विभागलेल्या व्यवस्थेत प्राध्यापकाने विद्यार्थ्याला उडताना पाहिलेले नसते आणि प्रशिक्षकाने त्याची उत्तरपत्रिका पाहिलेली नसते.

यात आणखी दोन अडचणींची भर पडते. विद्यापीठाचे सत्र तारखांनी बांधलेले असते आणि उड्डाण हवामानाने. पावसाळी महिन्यात विमान जमिनीवर उभे राहते, अभ्यासक्रम मात्र पुढे जातो. मग स्टॉलचा सराव चालू असताना पडद्यावर विमान वाहतुकीचे कायदे चाललेले असतात. दुसरे असे की, अमेरिकेतील अनेक प्रशिक्षक स्वतःच १५०० तास भरण्यासाठी शिकवत असतात. तास भरले की ते विमान कंपनीत जातात आणि विद्यार्थ्याला नवा प्रशिक्षक मिळतो. अशा वेळी शिक्षणाचा धागा विद्यार्थ्याला स्वतःच धरून ठेवावा लागतो. ज्याला ते जमते त्याला ही व्यवस्था चालते. अठरा वर्षांच्या सर्वांनाच ते जमेल असे आम्हाला वाटत नाही.

पदवीचा तिसरा आधार सांगितला जातो तो असा, की वैद्यकीय दाखला गेला तर दुसरा व्यवसाय हाती राहतो. हा विचार योग्य आहे. वैमानिकाची नोकरी डोळ्यांवर आणि हृदयावर अवलंबून असते. पण हेतू हाच असेल, तर विमानविद्येची सर्वसाधारण पदवी घेण्याऐवजी भौतिकशास्त्र, गणित किंवा अभियांत्रिकी यांची पदवी अधिक दारे उघडते, असे आमचे मत आहे.

आता आपल्या विद्यार्थ्याबद्दल. भारतातही व्यावसायिक परवान्यासाठी पदवी लागत नाही. उड्डाणाचे २०० तास, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा आणि वैद्यकीय दाखला लागतो. या परवान्यावर सहवैमानिक होता येते, म्हणून अमेरिकेच्या ५०० तासांच्या सवलतीला आपल्याकडे अर्थ उरत नाही. अमेरिकेत जाऊन शिकायचे म्हटले, तर तेथील विद्यार्थी-व्हिसाचे नियम ऑनलाइन वर्गांना जवळजवळ जमेस धरीत नाहीत. शैक्षणिक व्हिसावर दर सत्रात फार तर एक वर्ग मोजला जातो, व्यवसाय-शिक्षणाच्या व्हिसावर तोही नाही. अमेरिकी परवाना घेऊन परत आल्यावर आपल्याकडील परीक्षा द्याव्या लागतातच. जे. आर. डी. टाटा १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील पहिले परवानाधारक वैमानिक झाले, ते मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून. पदवी त्यांच्याकडे नव्हती. यावरून पदवी निरुपयोगी ठरत नाही. परवान्याचा रस्ता स्वतंत्र आहे, एवढेच त्यातून घ्यावे.

म्हणून आमचा निष्कर्ष असा. अमेरिकेत राहणाऱ्या, नोकरी सांभाळणाऱ्या आणि करारातील ‘भाग १४१’ शाळेजवळ घर असलेल्या शिस्तीच्या विद्यार्थ्याला ही व्यवस्था रास्त आहे. कराराबाहेरच्या शाळेत शिकणाऱ्याने पदवी घ्यायची तर ज्ञानासाठी घ्यावी, तासांच्या आशेने घेऊ नये. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयात विज्ञानाची भक्कम पदवी घ्यावी आणि परवान्याचे शिक्षण वेगळे, नीट चौकशी करून घ्यावे.

तरीही एखादा विद्यार्थी माहितीपत्रक घेऊन आलाच, तर त्याला चार प्रश्न लेखी विचारायला सांगावेत. उड्डाणशाळा नेमक्या कोणत्या भागाखाली मंजूर आहे? विद्यापीठाशी तिचा करार आज चालू आहे का? ही पदवी भारतात कोण मानते? आणि पडद्यावर शिकवणारा व विमानात शिकवणारा, हे दोघे एकमेकांशी कधी, किती वेळा बोलतात? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कार्यालयातून मिळतील. चौथ्याचे उत्तर देताना समोरचा अडखळला, तर विद्यार्थ्याने कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी थांबावे.