इशारा पातळी, धोका पातळी आणि वेताळ

साठी उलटलेल्या माणसाने काय वाचावे, याबद्दल समाजाची मते फार ठाम असतात. ज्ञानेश्वरी वाचावी, दासबोध वाचावा, गेलाबाजार विजेचं बिल तरी नीट वाचावं. पण कसबा बावड्यासारख्या ठिकाणी सकाळी अंगणात खुर्ची टाकून, नाकावर चष्मा चढवून एखादा गृहस्थ 'वेताळ' वाचताना दिसला, की येणारे-जाणारे आधी त्याच्याकडे बघतात आणि मग त्याच्या घरच्यांकडे सहानुभूतीने बघतात. आमच्या शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी एकदा फाटकातून विचारलं, "काय, नातवाचं पुस्तक तपासताय वाटतं?" मी म्हटलं, "नाही, माझंच आहे." तेव्हापासून ते माझ्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलतात.

तर सांगायची गोष्ट अशी, की गेलं वर्षभर मी फक्त चित्रकथा वाचल्या. याला कारण आमचे चिरंजीव नातू. वय वर्षे दहा, शिक्षण इंग्रजी माध्यम, बोलणं अस्सल बावड्याचं. मराठी बोलतो ते धो धो, पण वाचायला बसला की प्रत्येक जोडाक्षराला गाडी गचका खाते. 'क्ष' दिसला की सरळ खाली उतरून ढकलायला लागतो. त्याला धडे वाचायला लावणं हा दोघांच्याही तब्येतीला अपाय होता. म्हणून आम्ही तह केला. एक पुस्तक त्याने निवडायचं आणि मला वाचून दाखवायचं, एक मी निवडायचं आणि तेही त्यानेच वाचायचं. गचका बसला की मी धक्का मारायचा. चित्रं असल्यामुळे गाडी बंद पडली तरी बाहेरचा देखावा चालू राहतो, हा चित्रकथेचा मोठा गुण.

माझ्या बाजूचा पुरवठा माळ्यावरच्या ट्रंकेतून झाला. २०१९ साली पाणी गल्लीत आलं, २०२१ साली पुन्हा आलं. दोन्ही वेळा घरातल्या पुष्कळ वस्तूंनी मान टाकली. पण ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. रेशनकार्ड भिजलं, वेताळ कोरडा राहिला. यात काहीतरी दैवी संकेत असावा असं मी म्हणतो. आमच्या सौभाग्यवती वेगळं म्हणतात.

आता समीक्षक लोक पुस्तकांना तारे देतात. बावडेकराला तारे कळत नाहीत, फूट कळतात. पावसाळ्यात आम्ही सकाळी उठून एकमेकांची तब्येत विचारत नाही, राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगा पंचावन्न फुटांच्याही वर गेली होती, तेव्हा आकड्यांचा अर्थ आम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणून मी याच मापाने पुस्तकं मोजायचं ठरवलं.

सुरुवात अर्थातच वेताळापासून. ली फॉक यांनी १९३६ साली हा फँटम जन्माला घातला आणि १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्समधून तो आपल्याकडे आला. मराठीत त्याचा वेताळ झाला. या बारशाला माझा सलाम आहे. पिंपळावरचा, विक्रमाच्या खांद्यावरचा आपला वेताळ उतरवून त्याला घट्ट कपडे घातले आणि घोड्यावर बसवला, तरी कुणाला वावगं वाटलं नाही. आमच्या लहानपणी दहा पैसे भाड्याने अंक मिळायचा आणि तो परत करायच्या आत चौघांचा वाचून व्हायचा. कवटीची गुहा, जबड्यावर उमटणारी अंगठीची खूण, बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून मुलाने घेतलेली शपथ: हे सगळं आजही तितकंच झकास वाटतं. एकविसावी पिढी तोच धंदा करते आहे, ही गोष्ट तर कोल्हापुरी माणसाला लगेच पटते.

पण नातवाने पाचव्या पानावर मान वर केली. "आजोबा, त्या जंगलात एवढी माणसं हाईत, मग राखणदार भायेरचा का?" या प्रश्नाचं उत्तर ली फॉक यांनीही कधी दिलेलं नाही. भारतीय प्रकाशकांना मात्र ही अडचण थोडी जाणवली असावी. कथेतल्या बेंगालाचं त्यांनी डेंकाली केलं, सिंग नावाच्या चाच्यांचं सिंगा केलं, आणि वेताळाच्या बापाला मारणाऱ्या रामाचं रामालू केलं. नावं बदलली, सिंहासन तिथंच राहिलं. गोरा माणूस कवटीच्या आसनावर आणि काळी माणसं भोवती उभी, हे चित्र नाव बदलून बदलत नाही. पातळी ३२ फूट. पूर्वीच्या पाण्याच्या खुणा भिंतीवर आहेत, पण आता ओसरतंय.

त्यामानाने आपला बहादूर बघा. १९७६ साली आबिद सुरतींनी तो लिहिला आणि गोविंद ब्राह्मणियांनी काढला. केशरी कुडता, खाली जीन्स. हा डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला, आणि हा सूड घ्यायला निघालेला. पुढे सूड सोडून तो गावकऱ्यांचंच नागरिक सुरक्षा दल उभं करतो. म्हणजे वेताळाबद्दल नातवाने विचारलेल्या प्रश्नाला बहादूरने तेव्हाच उत्तर देऊन ठेवलं होतं: राखणदार बाहेरून आणायचा नसतो, गावातच तयार करायचा असतो. ब्राह्मणियांची चित्रं सिनेमासारखी आहेत. कधी कॅमेरा जमिनीवर, कधी झाडावर. गोष्टी मात्र कधी कधी शेवटच्या दोन पानांत इतक्या घाईने उरकतात, की वाटतं लेखकाची शेवटची बस चुकत होती. पातळी ३७ फूट. इंद्रजाल १९९० साली बंद पडलं, तेव्हा त्याच्याबरोबर हाही गेला, याचं दुःख वेताळाच्या जाण्यापेक्षा मला जास्त आहे.

मग अमर चित्र कथा. १९६७ साली अनंत पै यांनी ही मालिका सुरू केली. पहिली दहा पुस्तकं परदेशी परीकथांची. अकराव्या क्रमांकाला कृष्ण आला आणि मग सगळं पुराण आणि इतिहास त्या रांगेत येऊन उभे राहिले. तो कृष्ण काढला राम वाईरकरांनी. प्रताप मुळीक, दिलीप कदम हेही त्याच पंगतीतले. म्हणजे देशभरातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे देव, राजे आणि संत उभे राहतात ते पुष्कळदा मराठी हातांनी काढलेले. वाईरकरांनी 'टिंकल'मधला सुपंडी काढला आणि वसंत हळबेंनी शिकारी शंभू. एका हाताने कृष्ण आणि त्याच हाताने सुपंडी! असा हात बाबूराव पेंटरांच्या गावात जन्मला असता तर आम्ही त्याची मिरवणूक काढली असती.

आता दोष. या पुस्तकांत सज्जन माणूस रंगाने उजळ आणि राक्षस काळपट, हा नियम सहसा मोडत नाही. आमचा नातू उन्हात क्रिकेट खेळून जो काही रंग घेऊन घरी येतो, त्या हिशेबाने त्याचा नंबर थेट बकासुराच्या कुटुंबात लागतो. दुसरं म्हणजे थोर माणसं जन्मापासूनच थोर दिसतात. पाळण्यातलं मूलसुद्धा पुतळ्याच्या तयारीत असतं. पण शिवाजी महाराज वाचताना या पोराने 'प्रतापगड' एका दमात, एकही गचका न खाता वाचला, त्या एका शब्दासाठी मी सगळं माफ करायला तयार आहे. पातळी बरोबर ३९ फूट: इशारा.

मधल्या काळात नातवाची पाळी आली आणि त्याने घरात जाहीर केलं, "मला वन पीस पायजे." आमच्या सौभाग्यवती दोन दिवस काळजीत होत्या. मुलगा दहा वर्षांचा, त्याला बायकांचा झगा कशाला हवा? शेवटी पुस्तक आलं. जपानचे एइचिरो ओदा १९९७ पासून ही चाच्यांची गोष्ट काढतायत आणि तिने शंभर खंड केव्हाच ओलांडले आहेत. पुस्तक मागून उघडायचं, उजवीकडून डावीकडे वाचायचं. मला हे अवघड जाईल असं नातवाला वाटत होतं. पण चाळीस वर्षं ज्याने वर्तमानपत्र शेवटच्या पानावरच्या क्रिकेटपासून वाचायला घेतलं, त्याला जपान काय शिकवणार? चित्रांचा वेग अफाट. एक ठोसा चार पानं चालतो. पण मला कळलं ते असं, की त्या गलबतावरचा प्रत्येक जण घरातून काहीतरी गमावून आलेला आहे, आणि म्हणून पोरं त्यांना सोडत नाहीत. याला फूट लागू होत नाहीत. ही राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांसारखी गोष्ट आहे: दरवाजे उघडलेत एवढंच कळतं, बंद कधी होतील ते सांगता येत नाही.

मग आला अ‍ॅस्टेरिक्स. गोसिनी आणि उदेर्झो या दोघांनी १९५९ साली फ्रान्समध्ये सुरू केलेला. सगळा मुलूख रोमनांनी जिंकलाय, फक्त एक गाव जिंकायचं राहिलंय. गावात मासळीवरून भांडणं, मुखिया ढालीवर उभा, आणि काढा प्यायला की अंगात दहा हत्तींचं बळ. हे गाव फ्रान्समध्ये आहे यावर बावड्यात कुणाचा विश्वास बसणार नाही. आम्ही अजून शहराकडे जाताना "कोल्हापूरला जाऊन येतो" असं सांगून निघतो, आणि तो काढा म्हणजे तांबडा रस्सा हे उघड आहे. अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज यांचं इंग्रजी भाषांतर तर असं, की फ्रेंच 'इदेफिक्स' नावाच्या कुत्र्याचं त्यांनी 'डॉगमॅटिक्स' केलं. हट्टी मताचा अर्थही राहिला आणि वर कुत्राही आत शिरला! भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाने हे नाव लिहून भिंतीला लावावं. पातळी ४२ फूट. एक फूट कमी, कारण गोसिनी १९७७ साली गेल्यावर पुढच्या पुस्तकांत रस्सा आहे, पण तर्री नाही.

मध्ये चवीला 'चिंटू'. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू केलेला. तीन-चार चौकटी, एक आई, एक बाबा, एक जोशीकाकू, आणि जगात दुष्ट कुणीही नाही. नातू हे मात्र पटापटा वाचतो, कारण त्यात माणसं बोलतात तसं मराठी आहे. पातळी कायम स्थिर. नदीला अशीही पातळी लागतेच, तिच्यावरच रोजचा नळ चालतो.

आणि वर्षाच्या शेवटी 'भीमायन' आलं. २०११ साली निघालेलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार जोडप्याची. बाबासाहेबांवर अमर चित्र कथेचंही पुस्तक आहे, १९७९ सालचं, दिलीप कदमांनी काढलेलं. ते आम्ही आधी वाचलं होतं. नीटस, चौकटीतलं, शाळेत बक्षीस द्यावं असं. 'भीमायन'मध्ये चौकटीच नाहीत. व्याम जोडप्याने माणसांना खोक्यात कोंडायला नकार दिला आहे. रेषा नदीसारखी पानभर फिरते. बोलण्याचे फुगेसुद्धा दोन जातींचे: साध्या माणसांचं बोलणं पाखराच्या आकारात, आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. दहा वर्षांच्या पोराला मी याहून चांगली समीक्षा शिकवू शकत नाही. कोण काय बोलतो ते वाचायच्या आधी त्याची शेपटी बघ!

त्यात १९०१ सालची गोष्ट आहे. लहानगा भीम भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघतो, मसूर स्टेशनवर उतरतो. जात कळल्यावर गाडीवान बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक तयार झाला, तोही या अटीवर की बैलगाडी पोरांनी हाकायची आणि तो चालणार. जवळ जेवण होतं. पाणी कुणी दिलं नाही.

नातू इंग्रजी वाचता वाचता थांबला. "मसूर म्हंजे आपल्या पुण्याच्या गाडीला लागतंय तेच?"

"तेच."

"मग आपण कधी बघितलं कसं न्हाई?"

"गाडी तिथून जाते रे," मी म्हटलं.

त्याने पान उलटलं नाही. पंचगंगेच्या काठी जन्मलेल्या पोराला पाणी जास्त झालेलं माहीत आहे. पाणी समोर असून मिळत नाही, हे त्याने पहिल्यांदाच बघितलं होतं.

मला तेव्हापासून एक चित्र दिसतंय. शाहू महाराजांचा जन्म आमच्या बावड्यातला, १८७४ साली, लक्ष्मीविलास पॅलेसमधला. पुढे याच महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला बळ दिलं आणि तिथं जाऊन सगळ्यांसमोर चहा घेतला. हे चित्र अमर चित्र कथेने काढलं तर फेटा आणि मिशा चौकटभर येतील आणि कांबळे कोपऱ्यात किटली धरून उभे राहतील. व्याम जोडप्याने काढलं तर पानभर फक्त कप असेल आणि तो धरणारे दोन हात. मला दुसरं हवंय, आणि ते मराठीत हवंय, जोडाक्षरांसकट.

'भीमायन'ची पातळी विचाराल तर ४३ च्या वर. बावड्यात धोका पातळीचा अर्थ सोपा आहे: आता आहे त्या जागी बसून चालणार नाही, उठावं लागेल. येत्या सुट्टीत आम्ही दोघं मसूरला उतरणार आहोत. पाण्याची बाटली नातू घेणार आहे. म्हणतो, दोन घेऊ, एखाद्याला लागली तर.