धुराला वाफेचा पर्याय : गांजाच्या तेलाविषयीच्या एका युक्तिवादाची चिकित्सा

प्रस्तावना :
१९९६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने गांजाच्या वैद्यकीय वापरास मान्यता दिली. त्याबरोबरच, औषध म्हणून घ्यावयाचा पदार्थ धुराच्या रूपाने फुप्फुसात का जावा, हा प्रश्न उपस्थित झाला. १९९९ साली तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने धूरविरहित व जलद परिणाम करणारी पद्धती विकसित करण्याची शिफारस केली. पुढील काळात ‘गांजाच्या तेलाची वाफ घेणे हा धूम्रपानाला सुरक्षित पर्याय आहे’ हा युक्तिवाद रूढ झाला. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे.

युक्तिवादाचा आधार :
या युक्तिवादाचा पाया शास्त्रीय आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. वनस्पती जळताना डांबरासारखे पदार्थ व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतात. ज्वलन होणार नाही इतक्याच तापमानास ती तापविल्यास टीएचसी हा मादक घटक वाफेतून मिळतो. २००७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे १८ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात वाफ व धूर या दोन्ही पद्धतींनी रक्तातील टीएचसीचे प्रमाण जवळपास सारखे आढळले; श्वासातील कार्बन मोनॉक्साइडची वाढ मात्र वाफेच्या बाबतीत अत्यल्प होती.

युक्तिवादातील दोष :
परंतु हा अभ्यास गांजाच्या वनस्पतीचा होता, तेलाचा नव्हे. वनस्पतीविषयीचा निष्कर्ष तेलाला लागू करणे हा या युक्तिवादातील मूलभूत दोष होय. तेल हा अर्क असतो. तो घट्ट असल्याने नळकांडीत भरण्यापूर्वी काही वेळा त्यात अन्य द्रव्ये मिसळली जातात. परिणामी वाफेत केवळ गांजाचे घटक असतात, असे गृहीत धरता येत नाही.

या दोषाची किंमत २०१९ साली दिसून आली. अमेरिकेत फुप्फुसविकाराची साथ उद्भवली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण व ६८ मृत्यू यांची नोंद झाली. माहिती उपलब्ध असलेल्या रुग्णांपैकी ८२ टक्के रुग्णांनी टीएचसीयुक्त उत्पादने वापरली होती. ५१ रुग्णांच्या फुप्फुसातील द्रवाची तपासणी केली असता ४८ जणांच्या नमुन्यांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट आढळले. हेच द्रव्य पोटात वा त्वचेवर सहसा निरुपद्रवी ठरते. त्याचा दाटपणा तेलाशी मिळताजुळता असल्याने भेसळ सहज लक्षात येत नाही.

दुसरा दोष मात्रेसंबंधीचा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या १७ व्यक्तींवरील अभ्यासात, क्वचित गांजा घेणाऱ्यांमध्ये तेवढ्याच मात्रेचा परिणाम धुरापेक्षा वाफेने अधिक तीव्र झाल्याचे आढळले. हा अभ्यासही वनस्पतीचाच होता. तेलात तर टीएचसीचे प्रमाण वनस्पतीहून कितीतरी अधिक असू शकते. धूर नाही म्हणून परिणामही सौम्य, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

प्रतिवाद :
दोष वाफेचा नसून अवैध बाजारपेठेचा आहे, असे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य आहे. टीएचसी वापरणाऱ्या ज्या रुग्णांनी उत्पादनाचा स्रोत सांगितला, त्यांपैकी ७८ टक्के रुग्णांनी ते केवळ अनौपचारिक मार्गाने मिळविले होते. तथापि १६ टक्के रुग्णांनी केवळ व्यावसायिक विक्रेत्यांकडूनच घेतल्याचे सांगितले, हेही दुर्लक्षिता येत नाही.

भारतीय संदर्भ :
भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात गांजाचा समावेश आहे, तर २०१९ च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या उत्पादन व विक्रीवर बंदी आहे. त्यामुळे येथे असे तेल कोणाच्या हाती पडलेच, तर त्यातील घटक तपासून देणारी यंत्रणा ग्राहकापाशी नसते. ‘धूर नाही, म्हणजे धोका नाही’ असे मानणाऱ्या विद्यार्थ्यास केवळ निषेधाने उत्तर देणे अपुरे आहे. युक्तिवाद नेमका कोठे चुकतो, हे त्याला दाखविणे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.

निष्कर्ष :
धुरापेक्षा वाफ कमी अपायकारक असू शकते, हे विधान विशिष्ट वनस्पती, विशिष्ट उपकरण व विशिष्ट तापमान यांपुरते ग्राह्य आहे. तेलाच्या बाबतीत ते स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागेल. धुराशी तुलना करून वाफेस सुरक्षित म्हणणे पुरेसे नाही. त्या वाफेत काय आहे, हाच खरा प्रश्न आहे.