सेनानेतृत्व : राष्ट्ररक्षण की आत्मरक्षण? (१९६२ च्या युद्धावरील दोन आत्मनिवेदनांची चिकित्सा)

प्रास्ताविक

१९६२ च्या भारत-चीन युद्धाविषयी त्या युद्धात सहभागी असलेल्या अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या ग्रंथांपैकी लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांचा 'दि अनटोल्ड स्टोरी' (१९६७) आणि ब्रिगेडियर जे. पी. दळवी यांचा 'हिमालयन ब्लंडर' (१९६९) हे दोन विशेष महत्त्वाचे आहेत. कौल चौथ्या कोअरचे प्रमुख होते, तर दळवी त्याच कोअरच्या हाताखाली नामका चू नदीकाठी असलेल्या सातव्या ब्रिगेडचे. वरिष्ठ सेनाधिकारी देशाच्या संरक्षणासाठी झटतात की स्वतःच्या पदासाठी, हा प्रश्न तपासताना हे दोन्ही ग्रंथ एकत्र वाचणे उद्बोधक ठरते.

कौल यांचे समर्थन

कौल यांच्याविषयीचा रूढ समज असा की, राजकीय जवळिकीच्या बळावर ते वर चढले आणि त्यांच्यामुळे पराभव झाला. त्यांच्या सेवेचा मोठा काळ आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये गेला होता आणि युद्धात पलटणीचे नेतृत्व केल्याचा अनुभव त्यांच्यापाशी नव्हता, हे खरे आहे. तथापि त्यांना भित्रे ठरविणे अन्यायाचे होईल. ऑक्टोबर १९६२ च्या आरंभी कोअरची सूत्रे हाती घेतल्यानंतर ते स्वतः आघाडीवर गेले आणि त्या विरळ हवेत डोंगर चढले. १० ऑक्टोबरला त्सेंग जोंग येथील चकमकीत चिनी बळाचा प्रत्यय आल्यावर ते दिल्लीस परतले. ११ ऑक्टोबरच्या बैठकीत आपण माघारीसह निरनिराळे पर्याय मांडले, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मात्र त्यांच्या निवेदनातील कच्चा दुवा पुढेच आहे. १८ ऑक्टोबरला आजारी अवस्थेत त्यांना दिल्लीस आणण्यात आले आणि अंथरुणावरूनच त्यांनी कोअरचे आधिपत्य चालू ठेवले. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी आक्रमण झाले तेव्हा कोअरप्रमुख रणभूमीपासून शेकडो मैल दूर होते. ते पद त्यांनी सोडले नाही आणि वरिष्ठांनीही तत्काळ दुसऱ्याकडे सोपविले नाही. येथे स्वार्थ पैशाचा नाही, जीव वाचविण्याचाही नाही. तो पद आणि प्रतिष्ठा हातची जाऊ न देण्याचा आहे.

दळवी यांची साक्ष

दळवी यांच्या ग्रंथाचे बळ प्रत्यक्ष अनुभवात आहे. उन्हाळी गणवेशातील जवान, अपुरा शिधा व दारूगोळा, तोफखान्याचा अभाव आणि शत्रूच्या माऱ्याखाली असलेला सखल नदीकाठ यांचे त्यांनी केलेले वर्णन खोडून काढणे कोणालाही शक्य झालेले नाही. २ राजपूत या एकाच पलटणीचे २८२ जवान तेथे धारातीर्थी पडले. २२ ऑक्टोबरला स्वतः दळवी युद्धकैदी झाले आणि मे १९६३ मध्ये मायदेशी परतले.

तरीही हा ग्रंथ साक्षीदाराचा आहे तसाच पक्षकाराचाही आहे. दोषाची रेषा तो प्रामुख्याने वरच्या दिशेने ओढतो. जवानांची कत्तल पाहण्यापेक्षा राजीनामा देण्याची तयारी आपण दर्शविली होती, असे दळवी सांगतात. त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही, परंतु ती तयारी १९ ऑक्टोबरची, म्हणजे आक्रमणाच्या आदल्या दिवसाची आहे.

नकाराची किंमत

या दोन निवेदनांपेक्षा अधिक बोलके दोन प्रसंग आहेत. २२ सप्टेंबर १९६२ रोजी चिनी सैन्य हटविण्याचा निर्णय झाला, तेव्हा सरसेनापती जनरल पी. एन. थापर यांनी धोक्याची जाणीव दिली आणि लेखी आदेश मागितला. संरक्षण मंत्रालयातील सहसचिवाच्या सहीने तो मिळाला आणि थापर यांनी तो पाळला. याउलट, तेहतिसाव्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांनी रसद व मनुष्यबळाच्या आधारे ही मोहीम अशक्य असल्याचे मांडले. परिणामी नेफाची जबाबदारी त्यांच्याकडून काढून नव्या कोअरकडे, म्हणजेच कौल यांच्याकडे देण्यात आली.

लेखी आदेशाने सेनापतीचे रक्षण होते, सैन्याचे नव्हे. ज्या व्यवस्थेत वस्तुस्थिती सांगणाऱ्याची जबाबदारी जाते आणि 'होय' म्हणणाऱ्याकडे ती येते, तेथे राष्ट्रहित व स्वहित यांची फारकत होणे अटळ आहे. नागरी नियंत्रण हा लोकशाहीचा पाया आहे, यात दुमत नाही. परंतु निर्णयापूर्वी निर्भीड व्यावसायिक सल्ला मिळणे हा त्या नियंत्रणाचाच भाग आहे, त्याचा भंग नव्हे.

समारोप

कौल यांना खलनायक व दळवी यांना नायक ठरवून प्रश्न सुटत नाही. दोन्ही ग्रंथ आत्मसमर्थनाचे आहेत. ते तपासून पाहण्याचे साधन असलेला हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये सादर झाला. तत्कालीन संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये त्याचे सार संसदेपुढे ठेवले. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग उघड केला. मात्र साठ वर्षे उलटूनही सरकारने तो अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. मूळ कागद बंद राहतात तेव्हा आत्मचरित्रेच न्यायालय होतात आणि त्या न्यायालयात प्रत्येक आरोपी स्वतःच न्यायाधीश असतो. नामका चूच्या काठी परतीचा मार्ग नसताना लढलेल्या जवानांपैकी बहुतेकांनी ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांच्या बाजूने बोलू शकेल असा दस्तऐवज खुला होईपर्यंत सेनानेतृत्वाविषयीचा कोणताही निकाल अपुराच राहील.