वऱ्हाडातील फ्री मेथडिस्ट मंडळी : इतिहासलेखनाची एक समस्या

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा मुंबई, पुणे व अहमदनगर या केंद्रांकडेच जाते. लहान पंथांचा इतिहास त्या त्या पंथाच्या मिशनमंडळांनी इंग्रजीत लिहिला आणि आपल्या देशबांधवांसाठी छापला. वऱ्हाडात, विशेषतः यवतमाळच्या परिसरात, काम केलेल्या फ्री मेथडिस्ट मंडळीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. या मंडळीच्या इतिहासाची साधने कोणत्या दृष्टीने वाचावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम पंथाच्या उगमाविषयी. अमेरिकेतील मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुबत्ता आली आणि तिजबरोबर देवळांतील बाके भाड्याने देण्याची प्रथाही रूढ झाली. ज्याच्यापाशी द्रव्य, त्याला पुढची जागा. बेंजामिन टायटस रॉबर्ट्स या उपदेशकाने १८५७ मध्ये या नव्या वळणावर कठोर टीका केली. परिणामी १८५८ मध्ये त्याला मंडळीतून काढून टाकण्यात आले आणि ऑगस्ट १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पेकिन येथे नवी मंडळी स्थापन झाली. तिच्या नावातील 'फ्री' या शब्दाला चार अर्थ होते : बाकांना भाडे नसणे, गुलामगिरीला विरोध, गुप्त संघटनांपासून अलिप्तता आणि उपासनेतील मोकळेपणा.

अर्नेस्ट वॉर्ड व त्यांच्या पत्नी फीबी वॉर्ड हे या मंडळीचे दांपत्य १८८१ च्या आरंभी हिंदुस्थानात आले आणि त्यांनी बऱ्हाणपूर येथे कार्यास प्रारंभ केला. त्यांच्यामागे वेतनाची हमी देणारे मंडळ नव्हते. १८७१ मध्ये मुंबईत आलेल्या विल्यम टेलर यांनी स्वावलंबी मिशनची जी कल्पना पुरस्कारिली होती, तिच्याशी हे धोरण जुळणारे होते. पुढे यवतमाळ हे मंडळीचे मुख्य केंद्र झाले. १९५३ मध्ये तेथे युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली. ती १९८३ मध्ये पुण्यास नेण्यात आली.

या इतिहासाची दोन प्रमुख छापील साधने आहेत. पहिले, वॉर्ड पतिपत्नींनी मिळून लिहिलेले 'एकोज फ्रॉम भरतखंड' (१९०८). दुसरे, त्यांची कन्या एथेल वॉर्ड यांचे 'ऑर्डर्ड स्टेप्स' (१९५१). दोहोंची शीर्षकेच त्यांच्या दृष्टीची साक्ष देतात. 'भरतखंड' हा शब्द आपल्याकडे प्रत्येक संकल्पात उच्चारला जातो. लेखकांनी तो स्वीकारला, ही त्यांची या भूमीविषयीची आस्थाच होय. परंतु 'एको' म्हणजे प्रतिध्वनी, आणि प्रतिध्वनीत मूळ स्वर ऐकणाऱ्याचाच असतो. दुसरे शीर्षक स्तोत्रसंहितेतील, सज्जनाची पावले परमेश्वर स्थिर करतो या आशयाच्या वचनाकडे निर्देश करते. चरित्रनायकाची पावले एकदा ईश्वरनियोजित मानली, म्हणजे दुष्काळ, भाषा, जातिव्यवस्था व सरकारी धोरण ही ऐहिक कारणे केवळ पार्श्वभूमी ठरतात. हा दोष परकीय लेखकांचाच आहे असे मात्र नव्हे. महीपतींच्या 'भक्तविजया'तही घटनेचे कारण भक्ताच्या निष्ठेत आणि देवाच्या कृपेत शोधले जाते. अशा ग्रंथांना खोटे ठरविण्याचे कारण नाही. ते कोणत्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी लिहिले गेले, हे ओळखले म्हणजे झाले.

आमच्या मते या मंडळीच्या मराठी इतिहासाचा खरा प्रश्न निराळा आहे : 'फ्री' या शब्दाच्या चार अर्थांचे वऱ्हाडात काय झाले? गुप्त संघटनांचा मुद्दा येथील खेड्यात अर्थशून्य होता. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्येच संपली होती. भाड्याच्या बाकांचा प्रश्न तर जमिनीवर बसणाऱ्या समाजात उद्भवतच नव्हता. पण त्याचे मर्म मात्र येथे अधिक तीव्रतेने लागू पडत होते. कोणी कोठे बसावे, कोणाच्या पंक्तीस जेवावे, कोणत्या विहिरीचे पाणी भरावे, हे आपल्याकडे पैशाने नव्हे, जन्माने ठरत असे. बाकांचे भाडे मोडणाऱ्या पंथाने पंक्तिभेद कितपत मोडला, ही त्याच्या तत्त्वाची येथील कसोटी होय. मंडळीच्या इतिहासकाराने बाप्तिस्म्यांची संख्या मोजण्याआधी या कसोटीचा विचार केला पाहिजे.

उपासनेतील मोकळेपणाचेही तसेच. भजन आणि कीर्तन यांत वाढलेल्या समाजाला मोकळ्या उपासनेची शिकवण परकी वाटण्याचे कारण नव्हते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतर ख्रिस्ती भक्तीला मराठी अभंगाचे व भजनाचे रूप दिले. ते मेथडिस्ट नव्हते. तथापि त्यांची पदे पंथाच्या सीमा ओलांडून गायिली गेली. स्त्रियांच्या बाबतीत पंथ आपल्या तत्त्वामागे रेंगाळला. रॉबर्ट्सने १८९१ मध्ये स्त्रियांच्या दीक्षेचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. पूर्ण दीक्षेचा हक्क त्यांना मिळाला तो १९७४ मध्ये.

येथे भूगोलाचाही विचार करावा लागतो. वाटूर हे परतूर तालुक्यातील गाव. त्याच्या पश्चिमेस जालना : तेथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी काम केले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही वसाहत उभारली. ईशान्येस लोणारपासून वऱ्हाड लागते. त्याचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे होता, तर वाटूर १९४८ पर्यंत निजामी राज्यात राहिले. बुलढाण्याच्या बाजूस नाझरीन मंडळी, त्याहून पूर्वेस फ्री मेथडिस्ट. मिशनांनी आपापली क्षेत्रे वाटून घेतली असल्यामुळे एखादे कुटुंब प्रेस्बिटेरियन झाले की मेथडिस्ट, हे मतपरीक्षणापेक्षा गाव कोठे वसले आहे यावर अवलंबून असे. म्हणून पंथाचा इतिहास केवळ सिद्धान्ताची वंशावळ म्हणून लिहिणे अपुरे होय.

'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाई टिळकांनी ख्रिस्ती संसाराचे जे घरगुती व निर्भीड दर्शन घडविले, तसे दर्शन मिशनच्या अहवालांतून घडणे शक्य नाही. कारण अहवाल हा देणगीदारासाठी लिहिला जातो आणि आठवण ही आपल्या माणसांसाठी. १९७० मध्ये नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा फ्री मेथडिस्ट तीत सामील न होता स्वतंत्र राहिले. स्वतंत्र राहणाऱ्या लहान समाजावर स्वतःची स्मृती जपण्याचा भार अधिक असतो. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या, पंचांच्या सभांची इतिवृत्ते, गीतांच्या हस्तलिखित वह्या आणि वृद्धांच्या तोंडच्या आठवणी यांचे संकलन मराठीत व्हावयास हवे. कागद वाळवीच्या आणि माणसे काळाच्या स्वाधीन होण्यापूर्वी ते झाले, तरच भरतखंडातील प्रतिध्वनींमागचा मूळ स्वर अभ्यासकांस ऐकू येईल.